जामीन कोणाचा? अमिरातीच्या व्हिसाची गोष्ट

हल्ली अश्दोदच्या किंवा लोदच्या आपल्या घरांतून एक वाक्य सहज ऐकू येते, “चार दिवस दुबईला जाऊन आलो.” नातवंडे फोनवरचे फोटो दाखवतात, येताना खजूर आणतात, आणि विषय तिथेच संपतो. पण ज्यांनी साठ-सत्तरच्या दशकात मुंबई सोडून अलिया केली, त्यांना या वाक्यात काय दडले आहे ते ठाऊक आहे. काही वर्षांपूर्वीपर्यंत इस्राएली पासपोर्टवर दुबईला सहलीला जाणे शक्यच नव्हते. हे दार कोणाच्या हातात होते, ते कोणाला उघडत होते आणि कोणाला नाही, हे थोडे मागे जाऊन पाहू.

मुंबईचा रुपया, मुंबईची बोट

आज ज्याला आपण संयुक्त अरब अमिरात म्हणतो, तो किनारा एके काळी मुंबईला फार जवळचा होता. १८२० साली इंग्रजांनी तिथल्या शेखांशी पहिला सर्वसाधारण तह केला, १८५३ साली कायमच्या सागरी शांततेचा करार झाला आणि १८९२ च्या करारांनी शेखांचा परराष्ट्र व्यवहार इंग्रजांच्या हाती गेला. बुशायरला बसणारा इंग्रजांचा रेसिडेंट १८७३ पर्यंत मुंबई सरकारला जबाबदार होता. दुबईत १९०९ साली पोस्ट ऑफिस उघडले तेही हिंदुस्थानच्या टपाल खात्याचे. बाजारात आपला रुपया चाले. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या आणि १९६६ साली रुपयाचे अवमूल्यन झाले, तेव्हा कुठे तिथल्या लोकांनी रुपयाला निरोप दिला.

प्रवास बोटीचा होता. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटी मुंबईहून कराची करत आखातात जात. डेकवर वळकटी पसरून झोपणारे उतारू, सोबत डबे आणि ट्रंका. यांपैकी ‘दारा’ या बोटीवर ८ एप्रिल १९६१ रोजी दुबईजवळ स्फोट झाला आणि २३८ माणसे गेली. ‘द्वारका’ ही बोट मात्र १९८२ पर्यंत फेऱ्या मारत होती.

त्या काळी तिथे उतरण्याचा परवाना देणारा हात इंग्रजांचा होता. शेख आपापल्या गावचे धनी, पण परदेशी माणसांचे कामकाज ब्रिटिश पोलिटिकल एजंट पाही. त्याची कचेरी १९५४ पासून दुबईत होती. म्हणजे येणाऱ्याचा जामीन एका अर्थाने ब्रिटिश सरकारच होते.

एक घर, दोन पासपोर्ट

२ डिसेंबर १९७१ रोजी सहा अमिराती एकत्र येऊन नवे राष्ट्र झाले. फेब्रुवारी १९७२ मध्ये रास अल-खैमा सातवी म्हणून आली. आता दार त्यांचे स्वतःचे झाले. १९७२ च्या पंधराव्या संघीय कायद्याने इस्राएलवर बहिष्कार घातला गेला, आणि १९७३ च्या सहाव्या कायद्याने परदेशी माणसांच्या प्रवेशाचे आणि राहण्याचे नियम ठरले. एका वर्षाच्या अंतराने आलेल्या या दोन कायद्यांत आपल्या समाजाची सगळी कोंडी होती.

कल्पना करा, एका आईचे दोन मुलगे आहेत. एक ठाण्यात राहिला, दुसरा दिमोनाला आला. दोघांनी एकाच सिनेगॉगमध्ये तोरा वाचली, दोघांच्या घरी एलियाहू हन्नबीचा मलिदा होतो. ठाण्याच्या मुलाला दुबईत फिटरची नोकरी लागू शकत होती, कारण त्याचा पासपोर्ट भारताचा. दिमोनाच्या भावाला तिथे जाताच येत नव्हते. धर्म दोघांचा एकच होता, फरक वहीचा होता. आणि ठाण्याचा मुलगा भावाला भेटायला इस्राएलला गेला, तर पासपोर्टवर इस्राएलचा शिक्का बसेल आणि आखातात अडचण होईल, ही धास्ती असे. म्हणून विमानतळावर “शिक्का वेगळ्या कागदावर मारा” अशी विनंती करणारे कितीतरी पाहुणे आपण पाहिले आहेत. २०१३ पासून इस्राएलने शिक्क्याऐवजी छोटी चिठ्ठीच द्यायला सुरुवात केली, तेव्हा ती विनंती करण्याचे कारण उरले नाही.

कफील म्हणजे जामीन

ज्याला दार उघडे होते, त्यालाही ते फुकट उघडत नव्हते. अमिरातीत नोकरीसाठी जायचे तर तिथला कोणी मालक ‘कफील’ म्हणून उभा राहावा लागे. कफील म्हणजे जामीन. त्याच्या नावावर व्हिसा निघे, मग तिथे रक्ताची आणि छातीची तपासणी, मग ठरावीक वर्षांचा रहिवास, बहुधा दोन किंवा तीन वर्षांचा. नोकरी गेली की रहिवासही गेला. सलग सहा महिने देशाबाहेर राहिले, तरी परवाना रद्द. मालकाने कामगाराचा पासपोर्ट स्वतःकडे ठेवायचा नाही असा नियम असूनही तो ठेवला जाई, अशा तक्रारी वर्षानुवर्षे होत राहिल्या. जे भेटीच्या व्हिसावर गेले आणि तिथे नोकरी मिळाली, त्यांना नवा व्हिसा हाती येईपर्यंत देश सोडावा लागे. असे शेकडो लोक समोरच्या इराणच्या किश बेटावर जाऊन कागदाची वाट पाहत बसत. मुदत उलटून लपून राहिलेल्यांसाठी सरकारने १९९६ पासून अनेकदा माफी जाहीर केली, शेवटची मोठी २०२४ मध्ये.

भारत सरकारनेही आपल्या बाजूने एक फाटक बसवले होते. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली कमी शिकलेल्या कामगाराला आखातात जाण्यापूर्वी सरकारी मंजुरी लागे. ज्याच्या पासपोर्टवर ‘ईसीएनआर’चा शिक्का, तो यातून सुटला. मुंबईत त्या शिक्क्यासाठी केलेली धावपळ अनेकांना आठवत असेल.

जामीन ही गोष्ट आपल्याला नवी नाही. बेरेशीतमध्ये दुष्काळात धान्य आणायला याकोबाचे मुलगे मिसरात जातात, तेव्हा तिथला अधिकारी त्यांना हेर ठरवतो आणि धाकट्या भावाला आणल्याशिवाय परत येऊ नका म्हणतो. बाप बिन्यामीनला सोडायला तयार नसतो. तेव्हा यहूदा पुढे होऊन म्हणतो, मी त्याचा जामीन. हिब्रूत या जामिनाला ‘अरेव’ म्हणतात, आणि सगळे इस्राएल एकमेकांचे ‘अरेव’ आहेत असे आपले शास्त्री सांगत आले. आपला मराठी ‘जामीन’ शब्द तर मूळचा अरबीच.

दार उघडले

कडी हळूहळू सैल झाली. फेब्रुवारी २००९ मध्ये दुबईच्या टेनिस स्पर्धेसाठी शहार पेएर या आपल्या खेळाडूला व्हिसा नाकारला गेला. जगभर टीका झाली, स्पर्धेला तीन लाख डॉलरचा दंड झाला. पुढच्याच वर्षी तिला व्हिसा मिळाला आणि ती उपांत्य फेरीपर्यंत पोचली. ऑक्टोबर २०१८ मध्ये अबुधाबीच्या ज्युदो स्पर्धेत इस्राएलचा झेंडा चढला आणि ‘हातिक्वा’ वाजले.

मग २०२० आले. १३ ऑगस्टला कराराची घोषणा झाली, २९ ऑगस्टला १९७२ चा बहिष्कार कायदा रद्द झाला, आणि ३१ ऑगस्टला एल अलचे विमान सौदी आकाशातून अबुधाबीला उतरले. जाण्याच्या फेरीचा क्रमांक ९७१ होता, येण्याचा ९७२. दोन्ही देशांचे फोन-क्रमांक! १५ सप्टेंबरला वॉशिंग्टनमध्ये सह्या झाल्या. २० ऑक्टोबरला बेन गुरिओन विमानतळावरच व्हिसामाफीचा करार झाला. अरब देशाशी इस्राएलचा असा हा पहिलाच करार. करोनामुळे तो लांबला आणि १० ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाला.

आता त्या दोन भावांकडे पुन्हा पाहा. आज दिमोनाचा भाऊ पर्यटक म्हणून ९० दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय दुबईत राहू शकतो. आणि भारतीय पासपोर्टवाल्या ठाण्याच्या भावाला अजूनही बहुधा आधी व्हिसा काढूनच जावे लागते. अमेरिकेचा व्हिसा किंवा युरोपचा रहिवास असेल, तर सवलत. एका आयुष्यात दार फिरले. भाऊ तेच राहिले.

आजचे प्रकार

नवा परदेशी-प्रवेश कायदा २०२१ मध्ये झाला आणि ३ ऑक्टोबर २०२२ पासून व्हिसाची नवी रचना सुरू झाली. थोडक्यात सांगायचे तर ४८ किंवा ९६ तासांचा वाटेतला व्हिसा, पर्यटनाचा आणि नातलगांना भेटण्याचा व्हिसा, पाच वर्षांत अनेकदा येण्याजाण्याचा पर्यटन व्हिसा, नोकरी शोधण्यासाठीचा व्हिसा आणि मालकाच्या नावावरचा नोकरीचा रहिवास. ‘ग्रीन’ व्हिसा पाच वर्षांचा, तो कुशल कामगाराला आणि स्वतंत्र व्यावसायिकाला मिळतो. ‘गोल्डन’ दहा वर्षांचा, गुंतवणूकदार, डॉक्टर, शास्त्रज्ञ, हुशार विद्यार्थी अशांसाठी. ५५ वर्षांवरील निवृत्तांसाठीही पाच वर्षांचा व्हिसा आहे, मात्र घर, ठेव किंवा दरमहाचे उत्पन्न दाखवावे लागते.

या यादीतील खरा बदल असा की ग्रीन आणि गोल्डन व्हिसाला कफील लागत नाही. माणूस स्वतःच स्वतःचा जामीन. पण तो जामीन त्याच्या पगाराचा, शिक्षणाचा किंवा मालमत्तेचा आहे. बांधकामावरचा मजूर आजही मालकाच्याच नावावर उभा आहे, हे विसरू नये.

२०२३ मध्ये अबुधाबीच्या सादियात बेटावर मशीद आणि चर्च यांच्या शेजारी एक सिनेगॉग उघडले. त्याला रामबामचे नाव दिले आहे. ज्या रामबामने आठशे वर्षांपूर्वी एका पत्रात हिंदुस्थानातील यहुद्यांविषयी लिहिले की त्यांना शब्बाथ आणि सुंता एवढेच ठाऊक आहे, तोच हा. ते शब्द आपल्या पूर्वजांविषयीच आहेत असे पुष्कळ जण मानतात. शनिवार तेल्यांची नातवंडे आज त्या दारातून आत जाऊ शकतात.

पुढच्या वेळी नातू दुबईहून खजूर घेऊन येईल, तेव्हा कपाटातले जुने पासपोर्ट काढून त्याला दाखवा. ज्या पानावर शिक्का मारायला आपण नको म्हणालो, ते कोरे पानही दाखवा. त्याला आज दार उघडे मिळाले ते दोन सरकारांच्या सहीने. पण दार बंद असताना भाऊ भावाचा जामीन राहिला, म्हणून आपली घरे एक राहिली.