दप्तरापाशी बसणारा माणूस : खुल्या ज्ञानाच्या ‘निवासा’चा इतिहास आणि ओझर

१/ नाशिकच्या पांडवलेण्यांत तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या पुत्राची, गौतमीपुत्र सातकर्णीची, कीर्ती भिंतीवर कोरवून घेतली. या लेखाला ना कुलूप होते, ना पहारा. तरीही शतकानुशतके लोक त्याच्यासमोरून गेले आणि कोणालाही तो वाचता आला नाही. ज्ञान उघड्यावर असणे आणि ते खुले असणे यांतील अंतर या एका भिंतीवर दिसते. हा धागा त्या अंतराविषयी आहे.

२/ १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडली. पुढे भाऊ दाजी लाड आणि भगवानलाल इंद्रजी यांनी नाशिकच्या लेखांवर परिश्रम घेतले. दगड जुनाच होता. त्याच्यापाशी बसून अक्षर न् अक्षर लावणारी माणसे आली, तेव्हा सातवाहनांचा इतिहास बोलू लागला. साधन आणि वाचक यांच्यामध्ये असा कोणीतरी बसावा लागतो.

३/ मराठी इतिहासात या कामाचे सर्वांत ठसठशीत नाव म्हणजे वि. का. राजवाडे. गावोगाव हिंडायचे, जुन्या घराण्यांच्या माळ्यावरची दप्तरे पाहायची, कागद मिळवायचे, नकला करायच्या आणि छापायच्या, हा त्यांचा आयुष्यक्रम होता. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. पुढे खंडांची संख्या २२ झाली.

४/ याच शोधयात्रेत बीडजवळच्या पाटांगण येथे त्यांना ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली. तिच्या आधारे १९०९ मध्ये त्यांनी संहिता प्रसिद्ध केली. मूळ पोथी मात्र आज अभ्यासकांच्या हाती नाही. त्यामुळे तिच्या काळाविषयीचा आणि पाठांविषयीचा वाद मुळाशी ताडून पाहता येत नाही. एका पोथीची एकच प्रत असते आणि तिची प्रतिमा कोणी घेतलेली नसते, तेव्हा एवढे मोठे मोल द्यावे लागते.

५/ दुसरे उदाहरण पेशवे दप्तराचे. पुण्यातील हा अफाट मोडी संग्रह दीर्घकाळ सरकारी कुलपात होता आणि स्वतंत्र संशोधकांना तेथे सहज प्रवेश नव्हता. अखेर गो. स. सरदेसाई यांच्याकडे निवडीचे काम आले. मोडी जाणणाऱ्या सहकाऱ्यांसह त्यांनी रुमालामागून रुमाल सोडले आणि १९३० च्या दशकाच्या पूर्वार्धात निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. ‘निवास’ हा शब्द तेव्हा कोणी वापरला नाही. काम मात्र तेच होते : संस्थेत बसायचे आणि आतले बाहेरच्यांसाठी वाचनीय करायचे.

६/ आता लंडनला जाऊ. २०१० च्या उन्हाळ्यात लिअम वायट हा ऑस्ट्रेलियन तरुण ब्रिटिश म्युझियममध्ये पाच आठवडे ‘निवासी विकिपीडियन’ म्हणून बसला. जगातील हा असा पहिलाच प्रयोग मानला जातो. संग्रहालयातील तज्ज्ञ आणि विकिपीडियाचे स्वयंसेवक यांची गाठ घालून देणे, हे त्याचे मुख्य काम होते. त्याच काळात हॉक्सन येथे १९९२ मध्ये सापडलेल्या रोमन ठेव्यावरचा लेख दोन्ही बाजूंनी मिळून उत्तम दर्जाला नेला.

७/ या प्रयोगानंतर जगभरच्या ग्रंथालयांनी, संग्रहालयांनी आणि विद्यापीठांनी अशा जागा निर्माण केल्या. निवासी व्यक्तीची कामे साधारण तीन असतात. पहिले, संग्रहातील कोणत्या वस्तूवर कोणाचा हक्क आहे हे तपासणे. दुसरे, प्रतिमा, सूची आणि ग्रंथ मुक्त परवान्याखाली उपलब्ध करून देणे. तिसरे आणि सर्वांत टिकाऊ काम म्हणजे कर्मचाऱ्यांना ही रीत शिकवणे. निवासी मनुष्य जातो. शिकलेली संस्था राहते.

८/ आपल्या शेजारचे उदाहरण गोव्याचे आहे. गोवा विद्यापीठाने कोंकणी विश्वकोश चार खंडांत प्रसिद्ध केला होता. २०१३ मध्ये विद्यापीठाने तो मुक्त परवान्याखाली खुला केला. श्रेय द्या, त्याच अटींवर पुढे वाटा, आणि हवा तसा वापरा. छापील खंड कपाटात असतात; असा परवाना मिळालेला मजकूर दुसऱ्या ग्रंथात, पाठात, संकेतस्थळावर जाऊ शकतो. २०१५ मध्ये कोंकणी विकिपीडिया स्वतंत्रपणे सुरू झाला.

९/ येथे कायदा समजून घ्यायला हवा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांचे साहित्य २०११ च्या आरंभी सार्वजनिक झाले. नाशिकचे कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले. त्यांच्या साहित्यासाठी २०६० उजाडावे लागेल. हक्कदाराने स्वतः परवाना दिला, तर मात्र ही वाट पाहावी लागत नाही. म्हणूनच संस्थांची इच्छाशक्ती महत्त्वाची ठरते.

१०/ नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे आहे. ग्रंथ जपण्याची परंपरा आपल्या जिल्ह्याला नवी नाही. प्रश्न आहे तो अशा ग्रंथालयांच्या वर्तुळाबाहेर राहिलेल्या ज्ञानाचा. त्यासाठी नाशिकपासून थोड्याच अंतरावर असलेल्या, निफाड तालुक्यातील ओझरकडे वळू.

११/ १९६० च्या दशकात ओझरला मिग विमानांचा कारखाना आला आणि गावाच्या नावाला ‘ओझर मिग’ ही जोड मिळाली. येथील कामगारांच्या पिढ्यांनी मिग-२१ घडवली. २६ सप्टेंबर २०२५ रोजी हे विमान भारतीय वायुसेनेतून निवृत्त झाले. विमानाचा इतिहास ग्रंथांत आहे. शेतकरी कुटुंबातला मुलगा सूक्ष्म मापांची कारागिरी कसा शिकला, वसाहतीची बोली कशी घडली, हा इतिहास मात्र निवृत्त कामगारांच्या स्मरणात आणि घरातल्या छायाचित्रांत आहे.

१२/ ओझरचे दुसरे दप्तर पाण्याचे. वाघाड धरणाच्या कालव्याच्या शेवटी असल्याने पाणी येथवर पोहोचत नसे. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने शेतकऱ्यांना संघटित केले आणि १९९० च्या सुमारास येथे पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. पाणी मोजून घ्यायचे, पाळी ठरवायची, पट्टी गोळा करायची, हे सारे शेतकऱ्यांनी स्वतः केले. २००५ मध्ये सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे सोपवणारा राज्याचा कायदा झाला, त्याच्या दीड दशक आधीचा हा अनुभव आहे.

१३/ अशा संस्थांच्या नोंदवह्या, ठरावांची इतिवृत्ते आणि पाळीपत्रके ही भावी इतिहासकारांची पेशवे दप्तरेच आहेत. पेशवाईतील एखाद्या पाटाच्या पाण्याचा तंटा आपण कौतुकाने वाचतो. विसाव्या शतकात गावाने तो तंटा कसा मिटवला, याचा कागद रद्दीत गेला तर पुढच्या राजवाड्यांनी काय शोधावे?

१४/ एक अडचण प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. विकिपीडियावर प्रकाशित संदर्भाशिवाय मजकूर टिकत नाही. आजोबांची आठवण तेथे पुरावा ठरत नाही. म्हणून ओझरसारख्या गावी निवासाचा क्रम उलटा लागेल. आधी मुलाखती आणि कागद यांची नोंद, मग एखाद्या महाविद्यालयाकडून वा ग्रंथालयाकडून त्यांचे संपादित प्रकाशन, आणि त्यानंतर विश्वकोशातील लेख. ज्यांचे कागद आहेत त्यांची संमती आणि संरक्षण उत्पादनातील गोपनीयता या दोन मर्यादा प्रत्येक पायरीवर पाळाव्या लागतील.

१५/ “सगळे खुले केले, तर आमच्याकडे कोण येईल?” ही शंका संस्थांना वाटते. तिला उत्तर भांडारकर संस्थेच्या अनुभवात आहे. ५ जानेवारी २००४ रोजी तेथे हल्ला होऊन ग्रंथ आणि हस्तलिखिते यांची नासधूस झाली. ज्याची प्रत दहा ठिकाणी आहे, ते एका दुपारी नष्ट करता येत नाही. प्रत वाटल्याने मूळ वस्तूची किंमत घटत नाही. उलट तिची ख्याती वाढते आणि तिच्यावरचे संकट कमी होते.

१६/ राजवाडे आणि सरदेसाई यांना छापखान्यापर्यंत पोहोचण्यासाठी आयुष्य वेचावे लागले. आज छायाचित्र घेण्याचे साधन प्रत्येकाच्या खिशात आहे आणि मराठी विकिस्रोत २०१२ पासून ग्रंथांसाठी खुला आहे. उणीव आहे ती दप्तरापाशी चिकाटीने बसणाऱ्या माणसाची आणि त्याला खुर्ची देणाऱ्या संस्थेची. तुमच्या गावातील वाचनालय, सोसायटी, तालीम किंवा शाळा यांपैकी कोणाकडे जुनी दप्तरे आहेत, ते खाली अवश्य लिहा. सूची तेथूनच सुरू होते.

(धागा समाप्त)