अकोटची सतरंजी, माधानचा लेखनिक

वऱ्हाडातल्या अकोटच्या सतरंज्यांची नोंद इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरांनी घेतली. ताण्यावर पट्टा मोजून बसवण्याचं ते ज्ञान नजरेतून बोटांत उतरे. शाळेने मात्र वाचता येणं हीच हुशारीची खूण धरली आणि अक्षरांशी झगडणारं मूल ‘ढ’ ठरलं. वऱ्हाडाने ही समजूत कधीच खोडून काढली होती. माधानचे गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) तान्हेपणीच अंध झाले. इतरांकडून ग्रंथ वाचून घेत आणि सांगून लिहून घेत त्यांनी शंभरावर ग्रंथ रचले.

अंधत्व म्हणजे डिस्लेक्सिया, म्हणजेच वाचनाची अक्षमता, नव्हे, हा आक्षेप रास्तच. डिस्लेक्सियात नजर शाबूत असते, अक्षर आणि ध्वनी यांची सांगड अडते. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी, उच्चारात ‘क’ आधी! ही सांगड पद्धतशीर शिकवावीच लागते, नुसत्या कौतुकाने वाचन येत नाही. पण तोवर त्या मुलाचा इतिहास, विज्ञान का अडवायचं? महाराष्ट्राने १९९६ पासून अशा मुलांना शालान्त परीक्षेत सवलती दिल्या. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने ही अक्षमता मान्य केली. तरी मुलाने सांगितलेलं उत्तर लिहून देणारा परीक्षेतला लेखनिक वर्षातून एकदाच भेटतो. तोंडी उत्तराला, हाताने केलेल्या नकाशाला वर्गात रोज गुण मिळायला हवेत.