साभार पोच : विनिमयाची एक परंपरा

मराठी नियतकालिकांच्या शेवटच्या पानांवर 'साभार पोच' नावाचे एक छोटेसे सदर असे. त्यात आलेल्या पुस्तकांची आणि अंकांची यादी बारीक टायपात छापलेली असे, आणि बहुतेक वाचक ती न वाचताच अंक मिटवीत. परंतु नियतकालिकांचा इतिहास पाहू जाता या दुर्लक्षित कोपऱ्यातच एका मोठ्या व्यवहाराच्या खुणा सापडतात. कोणत्या गावाचा आवाज कोणत्या गावी पोहोचत होता, कोणत्या संपादकाने कोणाला आपल्या बरोबरीचे मानले, हे त्या यादीवरून कळते. या व्यवहाराचे नाव विनिमय. आपला अंक त्यांना, त्यांचा अंक आपल्याला. मध्ये पैसा नाही. मराठी मुलखाबाहेर पिढ्यानपिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांना त्याचे मोल इतरांहून अधिक वाटावे. आज हाच व्यवहार कागदावरून संगणकाच्या पडद्यावर जात आहे. अशा वेळी त्याची जुनी शिस्त काय होती, हे पाहणे अगत्याचे आहे.

सुरतेपुरते बोलायचे, तर येथे अंकांच्या आधी माणसांचा विनिमय झाला. १८२२ साली 'मुंबई समाचार' सुरू करणारे फर्दुनजी मर्झबान मूळचे सुरतेचे. उलट दिशेने, १८३६ साली मराठी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध करणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर शिक्षकाच्या नोकरीनिमित्त मुंबईहून सुरतेस आले. येथे दुर्गाराम मेहताजी आणि त्यांचे मित्र यांच्यासह त्यांनी १८४४ साली मानवधर्म सभा स्थापन केली. दादोबा मुंबईस परतल्यावर १८४९ साली तेथे परमहंस सभा निघाली. सुरतेत रुजलेल्या विचाराचेच ते पुढचे रोप होते. मात्र परमहंस सभा गुप्तपणे चाले, आणि १८६० च्या सुमारास सभासदांची नावे उघड होताच ती विस्कळीत झाली. दोन शहरांतील संबंध केवळ माणसांच्या ये-जा करण्यावर अवलंबून असला, तर तो त्या माणसांबरोबर संपतो. तो टिकायचा तर उघड, छापील आणि नियमित साधन लागते. ते साधन सुरतेस १८६३ साली 'सुरतमित्र'च्या रूपाने लाभले. दुसऱ्याच वर्षी त्याचे नाव 'गुजरातमित्र' झाले.

त्या काळी परगावच्या बातम्या मिळविण्याचा स्वस्त मार्ग म्हणजे परगावचे वर्तमानपत्र. अमेरिकेने तर हे तत्त्व कायद्यातच घातले होते. १७९२ च्या टपाल कायद्याने एका मुद्रकाने दुसऱ्या मुद्रकास पाठविलेल्या वर्तमानपत्राच्या एका प्रतीवरील टपालहंशील माफ केले, आणि पुढे सुमारे ऐंशी वर्षे ही सवलत चालू राहिली. आपल्याकडे अशी पूर्ण माफी नव्हती. तरीही संपादकाच्या मेजावर परगावच्या अंकांचा ढीग असे. त्यातील मजकूर निवडून, मूळ पत्राचे नाव देऊन तो पुन्हा छापला जाई. म्हणून ज्याच्या घरी एकच पत्र येई, त्या वाचकालाही अनेक पत्रांचा लाभ होई.

विनिमय कोणाशी करायचा, याचे निकष असत. ते कोठे नियम म्हणून लिहिलेले नसले, तरी व्यवहारातून सहज उमगतात. पहिला प्रश्न : समोरच्या अंकातून आपल्या वाचकाला असे काही मिळते काय, जे त्याला एरवी मिळणार नाही? दुसरा : तो अंक वेळेवर निघतो काय? दोन अंक काढून बंद पडणाऱ्या मासिकांची मराठीत कधीच वाण नव्हती. तिसरा : घेतलेल्या मजकुराचे ऋण तो मान्य करतो काय? चौथा निकष मात्र जाणते संपादक लावीत नसत, तो म्हणजे संख्येच्या बरोबरीचा. साप्ताहिकाचे वर्षाला ५२ अंक, त्रैमासिकाचे ४. मोजदादच करायची, तर साप्ताहिकाने तेरा अंक द्यावे तेव्हा त्रैमासिकाचा एक हाती यावा. अशा हिशेबाने कोणताच विनिमय टिकला नसता. बरोबरी अंकांची नव्हे, आस्थेची पाहिली जाई.

एकदा विनिमय ठरला म्हणजे काम संपले, असेही नव्हते. त्यासाठी स्वतंत्र वही लागे. तीत पत्ता, पाठविल्याची तारीख, आल्याची तारीख आणि न आलेल्या अंकासाठी कोरी जागा. दोन-तीन अंक चुकले की स्मरणपत्र जाई. त्यालाही उत्तर न आल्यास आपली प्रत थांबविली जाई, पण कारण कळवून. हा कारकुनी तपशील क्षुल्लक वाटेल, पण संबंध बहुधा वैराने तुटत नाहीत. कोणी विचारपूसच न केल्यामुळे ते विरतात.

विनिमयाची खरी कसोटी मात्र मतभेदात लागते. आगरकर हे 'केसरी'चे पहिले संपादक. पुढे टिळकांशी मतभेद झाल्यावर त्यांनी १८८८ साली 'सुधारक' काढला, आणि १८९१ च्या संमतिवयाच्या वादात ही दोन पत्रे एकमेकांसमोर उभी ठाकली. एकाचे म्हणणे खोडायचे, तर दुसऱ्याला ते आधी वाचावेच लागे. महाराष्ट्राच्या वैचारिक इतिहासातील सर्वांत फलदायी वाचन बहुधा हेच असावे.

याच गोष्टीचा प्रत्यय सुरतेने १९०७ साली घेतला. नागपूरहून हलविलेले राष्ट्रसभेचे अधिवेशन २६ डिसेंबरला तापीकाठी भरले. २७ तारखेला मंडपात दंगल झाली, जोडा फेकला गेला, आणि जहाल व मवाळ असे दोन तट पडले. त्यानंतर दोन्ही पक्षांनी आपापली निवेदने प्रसिद्ध केली. प्रसंग एक, मंडप एक. परंतु दोष कोणाचा, याविषयी दोन निवेदनांत दोन कथा. ज्याने आपल्याच पक्षाचे पत्र वाचले, त्याला एकच कथा ठाऊक झाली. ज्याच्या मेजावर दोन्ही बाजूंची पत्रे होती, त्यालाच काही निर्णय करता आला. ज्यांचे म्हणणे आपल्याला पटते, त्यांच्याशीच विनिमय ठेवला, तर आपण आपलाच अंक पुन्हा वाचीत असतो.

मैत्रीची दुसरी मर्यादाही सुरतेनेच दाखविली आहे. १८९४ साली 'गुजरातमित्र' आणि 'गुजरातदर्पण' एकत्र झाले आणि जोडनावाने निघू लागले. विलीनीकरण काही वेळा अपरिहार्य असते आणि हिताचेही. परंतु तो विनिमय नव्हे. विनिमयासाठी दोन स्वतंत्र घरे लागतात, आणि मधली भिंत राहिली तरच दाराला अर्थ असतो.

आपल्या शेजारच्या बडोद्याने याचा आणखी एक नमुना घालून दिला. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून संस्थानात ग्रंथालयांचे जाळे विणण्यास आरंभ केला. तेथून १९१२ साली 'लायब्ररी मिसेलनी' हे त्रैमासिक निघू लागले. त्यात इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तिन्ही भाषांना जागा होती. बाहेरगावी असलेला मराठी माणूस विनिमय म्हणताच पुण्या-मुंबईकडे पाहतो. ते स्वाभाविकही आहे. पण ज्या भाषेच्या अंगणात आपण राहतो, तिच्याशी देवघेव नसेल, तर आपण येथे वस्ती केली असे म्हणता येईल, घर केले असे नव्हे.

आता संगणकाच्या युगाकडे वळू. १९९६ साली 'मायबोली' आणि २००७ साली 'मिसळपाव' यांसारखी मराठी चर्चास्थळे उभी राहिली, आणि परदेशस्थ मराठी माणसाला नवा कट्टा मिळाला. या जगात अंकाची जागा दुव्याने घेतली. तुमच्या पानावर आमचा दुवा, आमच्या पानावर तुमचा. १९९६ सालीच अमेरिकेत 'लिंकएक्स्चेंज' नावाची कंपनी निघाली. आपल्या पानावर इतरांची जाहिरात दोनदा दाखवावी, तेव्हा आपली एकदा इतरत्र दिसे. १९९८ साली मायक्रोसॉफ्टने ही कंपनी साडेसव्वीस कोटी डॉलरना विकत घेतली. त्याच वर्षी गूगल कंपनी स्थापन झाली, आणि एखाद्या पानाकडे किती व कोणत्या पानांवरून दुवे येतात, यावर त्याचे महत्त्व ठरविण्याची तिची पद्धत रूढ झाली.

येथे जुनी व्याधी नव्या रूपाने उद्भवली. दुव्यांची संख्या म्हणजे प्रतिष्ठा, असे ठरताच वाचकाचा विचार मागे पडला आणि कोणीही कोणाशीही दुवे बदलू लागले. उंटाने गाढवाच्या गळ्याची आणि गाढवाने उंटाच्या रूपाची वाखाणणी केल्याची कथा आपल्याला ठाऊक आहेच. अखेर केवळ परस्परांसाठी केलेली दुव्यांची अतिरेकी देवाणघेवाण गूगलने आपल्या नियमांत गैर ठरविली. जाणत्या चर्चास्थळाचे नियंत्रक म्हणूनच जुन्याच कसोट्या लावतात : विषय जुळतो काय, तेथे जिवंत चर्चा चालते काय, तिला शिस्त आहे काय, आणि हा दुवा आपल्या सभासदाच्या खरोखर उपयोगी पडेल काय. ते अधूनमधून दुवे तपासतात आणि मोडलेले काढून टाकतात. ही दुसरी तिसरी काही नसून जुन्या संपादकाची विनिमयाची वहीच होय.

आपल्या मंडळापुरते पाहिले, तर कपाटात विनिमयाने आलेले अंक दरवर्षी कमी होत आहेत. काही नियतकालिके बंद पडली, काही पडद्यावर गेली, टपालखर्चही वाढला. 'यादीच बंद करावी' असा विचार बैठकीत एकदोनदा बोलून दाखविला गेला. माझे मत नम्रपणे वेगळे आहे. यादी लहान करावी, पण डोळसपणे. तिच्यात निदान एक पत्र असे असावे, ज्याच्याशी आपले पटत नाही. एक गुजराती असावे. आणि एक अशा गावचे, जेथे आपल्याहूनही थोडी मराठी घरे उरली आहेत. अंक कागदावर येवो वा पडद्यावर, तो पोहोचल्याचे दोन ओळींत कळवावे. आपल्या मुलांपैकी कोणी ही वही सांभाळण्यास पुढे आले, तर ती त्यांच्या हाती द्यावी. त्यांनी ती संगणकावर ठेवली तरी चालेल. आपल्या वाडवडिलांनी या शहरात आपली भाषा केवळ घरात बोलून राखली नाही. दूरच्या कोणीतरी पाठविलेला अंक उघडून, वाचून, आणि त्याला पोच देऊन ती राखली.