बोरा बोरा, मोरस आणि आमचा जुना सातारा जिल्हा

तर झालं असं, की दिवाळीला जोडून नऊ दिवस सुट्टी जमतेय असं दिसल्यावर बायकोने 'बोरा बोरा' नावाची एक एक्सेल शीट बनवली. बोरा बोरा म्हणजे पॅसिफिकमधलं, ताहितीजवळचं ते बेट. निळंशार पाणी, पाण्यात खांबांवर उभ्या केलेल्या झोपड्या, झोपडीच्या जमिनीला काच आणि काचेखाली मासे. (या झोपड्या काही तिथल्या लोकांची प्राचीन परंपरा वगैरे नाहीत बरं का. तिघा कॅलिफोर्नियावाल्यांनी १९६७ मध्ये शेजारच्या रायातेआ बेटावर हे डोकं लढवलं.) शीटमध्ये तिसऱ्या ओळीपर्यंत पोचलो आणि गार पडलो. एका रात्रीचं भाडं म्हणजे आमचे दोन महिन्यांचे हप्ते. वर दोन-तीन विमानं बदला आणि फ्रेंच व्हिसाच्या मागे लागा. शेवटी शीट 'सेव्ह ॲज' केली. नवीन नाव: मॉरिशस. मुंबईहून थेट विमान, सहा तासांत बेटावर, व्हिसा तिथे उतरल्यावर, तोही फुकट.

रविवारी तासगावला आजीला फोन लावला आणि बातमी दिली.

"कुठं म्हणालास?"
"मॉरिशस. बेट आहे गं आजी, समुद्रातलं."
"मोरस? आरं म्हंजी मोरस साखरंचं गाव का?"

मी चाट! आजीच्या आईच्या वेळी म्हणे पांढऱ्या दाणेदार साखरेला 'मोरस साखर' म्हणायचे. घरात गूळ असायचा, आणि मोरस साखर पाहुणा आला तरच निघायची. हे मोरस म्हणजेच मॉरिशस. म्हणजे ज्या बेटाची मी रिव्ह्यू वाचून माहिती काढत होतो, ते आमच्या स्वयंपाकघरात डब्यात ठेवलेलं होतं. मग काय, हॉटेलं राहिली बाजूला आणि शनिवार-रविवार यातच गेला.

गंमत म्हणजे ताहितीही काही सुटली नाही. ताहितीचा जाड, रसाळ ऊस अठराव्या शतकात युरोपियन जहाजांनी उचलून मॉरिशसला नेला. तिथून १८२७ मध्ये स्लीमनसाहेबाने तो जबलपूरला आणला. हाच तो ठगांचा बंदोबस्त करणारा स्लीमन! बोरा बोराच्या शेजारचा ऊस आमच्या आधी दोनशे वर्षं हा प्रवास करून मोकळा झाला होता.

पण ऊस आपोआप तुटत नाही. मॉरिशसमध्ये तो गुलाम तोडायचे. १८३५ मध्ये तिथली गुलामगिरी संपली, आणि ती संपायच्या आधीच मळेवाल्यांनी दुसरी सोय बघून ठेवली होती. २ नोव्हेंबर १८३४ ला 'ॲटलास' जहाजातून छत्तीस हिंदुस्थानी मजूर करारावर उतरले. मध्ये ओरड झाली म्हणून १८३९ मध्ये ही भरती बंद पडली, पण १८४२ च्या कायद्याने कलकत्ता, मद्रास आणि मुंबई ही बंदरं पुन्हा उघडली. एकूण साडेचार लाखांच्या आसपास माणसं गेली, आणि बहुतेक तिथेच राहिली. त्यात मुंबई बंदरातून गेलेले साधारण तीस-पस्तीस हजार, म्हणजे मुख्यतः आपली मराठी माणसं. त्यांची गावं कुठली? रत्नागिरी, सावंतवाडी, कोल्हापूर... आणि सातारा.

'सातारा' वाचून सांगलीकर लगेच म्हणतील, मग आमचा काय संबंध? संबंध आहे. सांगली जिल्हा हे अगदी अलीकडचं प्रकरण आहे. १९४९ मध्ये सातारा जिल्हा तोडून 'दक्षिण सातारा' केला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. त्याआधी सांगली म्हणजे पटवर्धनांचं संस्थान, आणि आमचं तासगाव, खानापूर, वाळवा हे सगळं सातारा जिल्ह्यात. म्हणजे जुन्या कागदावर जिल्हा सातारा लिहिलेला माणूस कास-ठोसेघरचा असेल, तसा आमच्या गल्लीतलाही असेल. शिवाय काळ बघा. १८४८ मध्ये साताऱ्याचे छत्रपती निपुत्रिक वारले आणि कंपनीने राज्य खालसा केलं. त्याच साली तासगावची पटवर्धनांची जहागीरही खालसा झाली. दरबारावर पोसलेली किती घरं त्यात उघडी पडली असतील, हिशोब करा. हा माझा अंदाज आहे, पण फार चुकीचा नसावा.

आणि ते मुंबईला पोचले कसे असतील? आपल्या भागात रेल्वे आली १८८० च्या दशकात. तोपर्यंत चालत. कराड, पाटण, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, पुढे पडाव मिळाला तर पडाव. मग शिडाच्या जहाजातून महिना-दीड महिना समुद्र. पोर्ट लुईला उतरल्यावर सोळा दगडी पायऱ्या चढायच्या की आलं मॉरिशस. त्या जागेला आता आप्रवासी घाट म्हणतात, २००६ पासून ती युनेस्कोच्या यादीत आहे. दगड उचलला की खाली सोनं सापडतं असं सांगून लोकांना नेलं, अशी गोष्ट तिथे अजून सांगतात.

करार वाचताना मात्र मला आमचं ऑफर लेटर आठवलं, आणि नंतर हसू यायचं थांबलं. महिना पाच रुपये, वर शिधा आणि कपडे. काही महिन्यांचा पगार आधी उचल म्हणून. करार पाच वर्षांचा. आणि एक कलम 'डबल कट' नावाचं. एक दिवस कामावर आला नाहीत तर दोन दिवसांचा पगार कापायचा. आमच्याकडे रजा संपल्यावर एकाला एक कापतात तरी आम्ही कॅन्टीनमध्ये तासभर बोंब मारतो. तिथे तापाने फणफणलेला माणूस महिन्यात दहा दिवस पडून राहिला, तर महिनाअखेरीस हातात दहाच दिवसांचा पगार.

आता आमच्या पॅकेजचा चौथा दिवस: 'कॅटामरानने गॅब्रिएल बेट, स्नॉर्केलिंग, बार्बेक्यू जेवण.' फोटो झकास आहेत. तर १८५६ च्या जानेवारीत कलकत्त्याहून मजुरांची जहाजं आली. पटकीची लागण असेल या भीतीने माणसांना गावात घेतलं नाही, याच गॅब्रिएल बेटावर उतरवून ठेवलं. ना धड निवारा, ना धड पाणी. पावणेतीनशेच्या वर माणसं तिथे मेली. त्या जहाजांत मराठी नव्हते, हे खरं. पण त्याने काही मला ते बार्बेक्यू गोड लागेना. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग जायचंच नाही का? आपण सिंहगडावर पिठलं-भाकरी खातोच की. तिथे काय माणसं मेली नाहीत?" मुद्दा बिनतोड होता. तरी सिंहगडावर कोण मेलं ते आपल्याला माहीत असतं, पाटी असते, एवढंच मी पुटपुटलो.

तिथे राहिलेल्यांचं वाईटच झालं असं मात्र नाही. त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी शिक्षण घेतलं, जमिनी घेतल्या, देश चालवला. मजुराचं पाळण्यातलं नावच पुढे घराण्याचं आडनाव झालं, त्यामुळे तिथे सखाराम, बाबाजी अशी आडनावं भेटतात. मराठी शाळेत शिकवतात. कोकणातलं जाखडी नृत्य तिथे 'झाकरी' म्हणून नाचतात. आणि गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते! तासगावच्या रथाला यायला मला दरवर्षी मॅनेजरच्या हातापाया पडावं लागतं, आणि मॉरिशसमध्ये गणपतीची अख्ख्या देशाला सुट्टी.

मोरस साखरेचं पुढे काय झालं ते आपल्याला ठाऊकच आहे. कृष्णेला धरणं झाली, सहकारी कारखाने उभे राहिले आणि वाळव्यातल्या माझ्या मामाच्या रानात आता ऊसच ऊस. आपल्याच भागातली माणसं ज्या पिकासाठी समुद्रापार गेली, ते पीक दाराशी आलं. आता तोडायला बीडकडून टोळ्या येतात. परवा मामाला विचारलं, यांचा करार कसा असतो? मामा म्हणाला, "हंगामाआधी मुकादम उचल देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. फडावर आलं न्हाई तर खाडा."

"खाडा म्हणजे पगार कापतात?"
"पगार कुठला! वर दंड बसतो."

दंड किती? बातम्यांत पाचशे रुपयांचे आकडे वाचलेत. मामाने आकडा सांगितला नाही. "ते मुकादमाचं बघायचं, आपलं न्हाई," म्हणाला आणि विषय बदलला. मीही पुढे विचारलं नाही. त्याच उसाच्या पैशातून माझी इंजिनिअरिंगची पहिली फी गेली होती.

तिकिटं काढली आहेत. चौथ्या दिवसाच्या चौकटीत बायकोने 'गॅब्रिएल' तसंच ठेवलंय, पहिल्या दिवसात मी 'आप्रवासी घाट, सकाळी' असं घुसडलंय, आणि त्यासाठी एका स्पाचा बळी गेलाय. आजीला विचारलं, काय आणू तिकडून?

"काय न्हाई रं बाळा. वाईच साखर आण. मोरस साखर कशी असती बघू तरी."