हिरवं बटण कोण दाबणार? नगर जिल्ह्यातल्या स्टार्टरचा इतिहास



उद्योगाचा इतिहास म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चिमण्या, भट्ट्या, प्रचंड चाकं येतात. नगर जिल्ह्यापुरतं बोलायचं तर साखर कारखाना येतो. 1950 साली लोणीजवळ प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्याची गोष्ट आपण बऱ्याचदा ऐकलेली आहे. आज मी त्याच उसाला पाणी देणाऱ्या एका लहानशा यंत्राबद्दल बोलणार आहे. विहिरीवरच्या खोलीत भिंतीला टांगलेली लोखंडी पेटी, एक हिरवं बटण, एक लाल बटण. आपण तिला स्टार्टर म्हणतो. जिल्ह्याचं अधिकृत नाव आता अहिल्यानगर झालेलं आहे, पण बोलताना मी सवयीनं नगर म्हणेन, ते समजून घ्या.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ही पेटी कारखान्यातल्या कामगाराचा हात वाचवण्यासाठी घडली. तीच आपल्या शेतात आली आणि तिच्यातल्या त्याच सुरक्षिततेपायी शेतकऱ्याला रात्री दोन वाजता विहिरीवर जावं लागलं. शेतकऱ्यानं त्यावर तोड काढली आणि त्या तोडीनं डीपी जळायला लागल्या. गेल्या पन्नास वर्षांतला हा इतिहास मुख्यतः या गुंत्याचा आहे.

आता जरा मागे जाऊ. विहिरीवर आधी मोट होती. बैल, नाडा, सोंदूर आणि हाकणारा माणूस. मग ऑइल इंजिन आलं. हँडल मारायचं, डिझेल भरायचं, आवाजावरून त्याची तब्येत ओळखायची. मोट असो की इंजिन, माणूस तिथे हजर लागायचाच. विजेच्या मोटरीनं ही अट काढून टाकली. 1889 च्या सुमारास जर्मनीत एईजी कंपनीत काम करणाऱ्या मिखाईल डोलिव्हो-डोब्रोव्होल्स्की या अभियंत्यानं थ्री-फेज मोटरीचं जे रूप बनवलं, तेच थोड्याफार फरकानं आजही आपल्या विहिरीवर फिरतंय. तिच्या फिरत्या भागाला बाहेरून वीज पोचवावी लागत नाही, ब्रश नाहीत, घासणारं काही नाही. रांगडी मोटर आहे. एकदा चालू केली की चालत राहते.

पण चालू करायची कशी आणि बंद कशी करायची? इथे स्विच येतो. स्विचचं अवघड काम चालू करणं हे नसतं, बंद करणं हे असतं. दोन धातूचे तुकडे एकमेकांपासून दूर नेले तरी प्रवाह लगेच थांबत नाही. मधली हवा तापते, फुटते आणि तिच्यातूनच वीज वाहायला लागते. याला आर्क म्हणतात. तिचं तापमान हजारो अंश असतं, तांबं वितळतं. आपल्या नशिबानं आपली वीज उलटसुलट वाहणारी आहे. 50 हर्ट्झला प्रवाह सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो. त्या शून्याच्या क्षणी आर्क आपोआप विझते. ती पुन्हा पेटू नये एवढंच स्विचनं करायचं असतं. म्हणून संपर्काभोवती लोखंडी पट्ट्यांची चळत बसवतात. आर्क तिच्यात खेचली जाते, तिचे तुकडे होतात, ती थंड पडते. जुने लोक सांगतील, पूर्वी तेलात बुडवलेले स्टार्टर असायचे. तेही याच कामासाठी, आर्क तेलात थंड करायला. पुढे मोठ्या दाबाच्या वीज केंद्रांत हेच काम निर्वात नळीत होऊ लागलं. तिथे पेटायला हवाच नाही.

आता पेटीच्या आत बघू. हिरवं बटण दाबलं की एका कॉइलला वीज मिळते. ती लोहचुंबक बनते आणि संपर्क ओढून घेते. मोटर चालू होते. बोट काढलं तरी कॉइल स्वतःला धरून ठेवते, कारण तिची वीज आता त्याच संपर्कांतून येत असते. लाईट गेली की कॉइल सुटते आणि मोटर तुटते. लाईट परत आली तरी मोटर आपणहून चालू होत नाही. पुन्हा कोणीतरी बटण दाबायला लागतं.

हे मुद्दाम तसं केलेलं आहे. कारखान्यातला लेथ आठवा. लाईट गेली म्हणून कामगारानं आत अडकलेला कीस काढायला हात घातला, आणि तेवढ्यात लाईट आली तर? हा अपघात टाळण्यासाठी ही रचना. याला नो-व्होल्ट संरक्षण म्हणतात. शेजारी ओव्हरलोड रिले असतो. त्यात दोन वेगळ्या धातूंची एकत्र चिकटवलेली पट्टी असते. प्रवाह जास्त झाला की ती तापते, वाकते आणि कॉइलची वीज तोडते. थोडक्यात, पेटीत दोन पहारेकरी बसलेले आहेत. एक हात वाचवतो, दुसरा मोटर.

ही पेटी भारतात बनू लागली त्यामागेही एक इतिहास आहे. हेनिंग होल्क-लार्सन आणि सोरेन टुब्रो हे दोन डॅनिश अभियंते सिमेंटची यंत्रसामग्री बनवणाऱ्या कंपनीच्या कामासाठी भारतात आले होते. 1938 साली त्यांनी मुंबईत स्वतःची भागीदारी सुरू केली. सुरुवातीला डेन्मार्कची यंत्रं आणून विकायची असा धंदा होता. 1940 मध्ये जर्मनीनं डेन्मार्क व्यापला आणि माल यायचा बंद झाला. मग इथेच बनवायला सुरुवात झाली. स्विचगिअरमध्ये लॉरिट्झ क्नुडसेन या डॅनिश कंपनीशी त्यांचं नातं जुळलं. जुन्या हिरव्या-लाल बटणांच्या पेट्यांवर 'एलके' ही अक्षरं ज्यांनी पाहिली असतील, त्यांना आता ती कुठून आली ते कळेल. लार्सन अँड टुब्रोचा स्विचगिअरचा एक मोठा कारखाना आपल्या नगरच्या औद्योगिक वसाहतीत आला. त्याच वसाहतीत क्रॉम्प्टन ग्रीव्ह्जनं मोटरी बनवल्या. 2018 साली लार्सन अँड टुब्रोनं हा विद्युत व्यवसाय श्नायडर इलेक्ट्रिकला 14,000 कोटी रुपयांना विकायचं ठरवलं, 2020 मध्ये व्यवहार पूर्ण झाला आणि 2024 पासून तो व्यवसाय लॉरिट्झ क्नुडसेन याच जुन्या नावानं ओळखला जातो. म्हणजे नगरमध्ये मोटर बनते, स्विचगिअर बनतं, आणि वीस-तीस किलोमीटरवर ते विहिरीत कसं वापरलं जातं हेही दिसतं. अशी जागा अभ्यासकाला सहज मिळत नाही.

आता शेताकडे येऊ. 1960 साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं. 1969 साली ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ आलं. त्यानं देशात पाच ठिकाणी सहकारी वीज संस्थांचा प्रयोग केला, त्यांपैकी एक श्रीरामपूरची मुळा-प्रवरा. श्रीरामपूर, राहुरी, राहाता, संगमनेर या भागांतल्या शेतकऱ्यांच्या मालकीची वीज वितरण संस्था! साखरेत जो प्रयोग केला तोच विजेत. तेवढ्यात 1972 चा दुष्काळ आला. विहिरी खोल गेल्या, मग बोअर आले. पाणी जितकं खाली गेलं तितकी मोटर मोठी लागली.

मागणी वाढली, वीज पुरेना. भारनियमन आलं. शेतीच्या फीडरला पाळीनं वीज, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. आणि इथे त्या पहिल्या पहारेकऱ्याचा अर्थच बदलला. रात्री साडेबाराला लाईट आली, दोनला दहा मिनिटं गेली, पुन्हा आली. नो-व्होल्टच्या कृपेनं मोटर बंदच. म्हणजे उठा, बॅटरी घ्या, उसातून वाट काढत विहिरीवर जा आणि हिरवं बटण दाबा. साप आहे, ओली जमीन आहे, उघडी वायर आहे. अकोले-संगमनेरकडे उसात बिबट्या आहे. कामगाराचा हात वाचवणारी रचना इथे शेतकऱ्याचा जीव धोक्यात घालू लागली.

मग 'ऑटो' आला. लहानशी डबी. लाईट आली की हिरवं बटण आपोआप दाबल्यासारखं करते. एका शेतकऱ्याच्या बाजूनं पाहिलं तर याहून शहाणा शोध नाही. पण आता हिशेब करा.

समजा 63 केव्हीएची डीपी आहे. तिची पूर्ण क्षमता सुमारे 84 अँपिअर. तिच्यावर पाच एचपीच्या दहा मोटरी. एक मोटर चालताना साधारण साडेसात अँपिअर घेते, दहांचे झाले 75. म्हणजे डीपीला झेपतंय. पण थेट चालू होताना मोटर सहापट प्रवाह ओढते. पूर्वी दहा माणसं दहा वेगवेगळ्या वेळी विहिरीवर पोचायची, त्यामुळे मोटरी एकामागून एक उठायच्या. आता दहा ऑटो एकाच क्षणी जागे होतात. एकदम 450 अँपिअर! दाब कोसळतो. मोटरीचा जोर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणजे दाब 70 टक्क्यांवर आला तर जोर निम्मा उरतो. पंपाला वेग घेता येत नाही, मोटर गुरगुरत राहते, जास्तीचा प्रवाह ओढत राहते. फ्यूज उडतो. फ्यूज रोजच उडतो म्हणून कोणीतरी जाड तार टाकतो. मग एके दिवशी डीपीच जळते, आणि पिकाच्या ऐन पाण्याच्या दिवसांत दहाही जण कोरडे बसतात.

दुसऱ्या पहारेकऱ्याचंही तेच झालं. दाब कमी असला की तेवढंच काम करायला मोटर जास्त प्रवाह घेते. रिले पुन्हा पुन्हा तोडतो. तो बरोबरच करतो, पण पाळी संपत आलेली असते आणि वाफे कोरडे असतात. मग रिलेचा काटा शेवटपर्यंत फिरवला जातो, किंवा रिले वायरनं बांधून टाकला जातो. एक फेज गेली तर कंडेन्सर लावून दोन फेजवर मोटर फिरवली जाते. आणि मग वाइंडिंगवाल्याच्या दुकानात रांग. बाहेरचा माणूस हे पाहून म्हणतो, शेतकऱ्याला यंत्र कळत नाही. मी म्हणतो, त्याला ते चांगलंच कळतं. कोणती वायर कुठे बांधली की कोणता पहारेकरी झोपतो, हे कळल्याशिवाय ही जुगाडं होत नाहीत. जळालेली मोटर आणि जळालेलं पीक यांत त्याला निवड करावी लागते, आणि तो हिशेबानं मोटर निवडतो.

उपाय नव्हते का? होते. महावितरण वर्षानुवर्षं सांगतंय, ऑटो काढा, कपॅसिटर बसवा. कपॅसिटरनं तारांतला फुकटचा प्रवाह कमी होतो, दाब सुधारतो. पण दहातल्या एकानंच तो बसवला तर खर्च त्याचा आणि फायदा सगळ्यांना वाटला जातो. ऑटोत वेळ लावण्याची सोय असली तर एकानं एक मिनिट, दुसऱ्यानं दोन मिनिटं असं ठरवून घेता येतं. त्याला खर्च जवळजवळ नाही, पण एका डीपीवरच्या दहा जणांनी एकत्र बसायला लागतं. सहकाराच्या या जिल्ह्यात हे सोपं असायला हवं होतं. पण मुळा-प्रवरेचा परवानाच थकबाकीच्या वादानंतर 2011 साली संपला आणि वितरण महावितरणकडे गेलं. ऊस एकत्र गाळायला आपण शिकलो, वीज एकत्र वापरायला तितकं शिकलो नाही.

2018 नंतर उच्चदाब वितरण प्रणाली आली, एक-दोन शेतकऱ्यांना स्वतंत्र लहान रोहित्र. यात दहांचा प्रश्न उरतच नाही. मोबाईलवरून चालणारे स्टार्टर आले, रात्रीचं चालणं वाचलं. आणि 2017 साली शेतीला दिवसा वीज देण्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली, तिच्या पहिल्या प्रकल्पांपैकी एक आपल्याच जिल्ह्यात, राळेगणसिद्धीला. मला हा उपाय सगळ्यांत मुळाशी जाणारा वाटतो, कारण तो पेटीत काही बदल करत नाही, विजेची वेळ बदलतो. दिवसा, सलग वीज असेल तर नो-व्होल्ट संरक्षण पुन्हा संरक्षणच होतं. सौर पंपाचा कंट्रोलर तर मोटरीला हळूहळू वेग देतो, सहापट प्रवाहाचा झटकाच नाही. मात्र सौर पॅनेलची वीज एकाच दिशेनं वाहते, तिला तो शून्याचा क्षण नसतो. म्हणून तिथली आर्क विझवायला जास्त अवघड. तिथे घरातला साधा स्विच लावण्याचं जुगाड कृपा करून करू नका.

शेवटी एक विनंती. हे जुने स्टार्टर आता भंगारात चालले आहेत. तुमच्या विहिरीवर एखादा असेल तर मेन बंद करून, वायरमनला सोबत घेऊन झाकण उघडा आणि फोटो काढून ठेवा. कोणता रिले बांधलाय, ऑटो कुठे जोडलाय, फ्यूजच्या जागी कोणती तार आहे, सगळं दिसेल. त्या वर्षी वीज कधी यायची, दाब किती असायचा आणि घरात पाण्याची किती निकड होती, हे त्या जोडण्यांवरून वाचता येतं. सरकारी अहवालात एवढं स्पष्ट लिहिलेलं मिळत नाही.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.