भागमती : हैदराबादच्या प्रेमकथेतील नायिका

गोवळकोंड्याचा सुलतान महंमद कुली कुतुबशाह (कारकीर्द १५८०–१६१२) याची प्रेयसी म्हणून ख्यात झालेली नर्तकी. १५९१ मध्ये वसवलेल्या शहराला त्याने तिच्या नावावरून भागनगर म्हटले, पुढे तिला हैदरमहल ही पदवी मिळाली आणि शहराचे हैदराबाद झाले, अशी आख्यायिका आहे. मराठी बखरींत हे शहर भागानगर म्हणूनच येते. कथेत जे घडते ते सारे राजपुत्राच्या हातून. तिला भेटायला मुसी नदीच्या पुरात घोडा तो घालतो, त्याच्या काळजीने बाप पूल बांधतो, शहर तो वसवतो. भागमतीला एक नाव मिळते, मग दुसरे. हा पूल म्हणजे पुराना पूल, तो १५७८ चा, आणि तेव्हा राजपुत्र जेमतेम बारा-तेरा वर्षांचा. म्हणजे पुराचा प्रसंग मागाहून रचलेला, आणि रचणाऱ्यांनी भर घातली ती त्याच्या धाडसात. तिच्या इच्छेत नव्हे.

अशा आख्यायिकेवर कादंबरी लिहायची, तर ऐतिहासिक प्रेमकादंबरीतील नायिकेची वाढ तिच्या तोंडच्या बाणेदार वाक्यांत शोधू नये. निर्णय तिचा होता का आणि त्याची किंमत तिने जाणून मोजली का, हे पाहावे. ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’त (१९७२) मस्तानीला मोठी सहानुभूती लाभली, तरी शीर्षकापासूनच कथा बाजीरावाची राहते. जुन्या काळातील स्त्रीला आजचे भान चिकटवणे ही काळाशी बेइमानी, असा आक्षेप घेतला जातो. भाषेपुरता तो रास्त आहे. पण स्वतःची इच्छा असणे ही काही आजची गोष्ट नाही. कुलीची मुलगी हयातबक्षी बेगम हिने १६२६ नंतर अल्पवयीन मुलाच्या वतीने राज्य सांभाळले. महलका बाई चंदा (१७६८–१८२४) दरबारी गणिका होती, निजामाबरोबर मोहिमांवर जात होती, आणि तिने उर्दू गझलांचा स्वतःचा दिवाण (संग्रह) सिद्ध केला.

भागमती झालीच नाही, असे हारून खान शेरवानींसारखे इतिहासकार मानतात. उलट फैजी आणि फिरिश्ता यांच्या लेखनात तिचा उल्लेख आहे, तोही उपहासाने. वाद मिटलेला नसला तरी तिचा स्वतःचा एकही शब्द उरलेला नाही, एवढे निश्चित. म्हणून इथे कादंबरीकाराला मोकळीक अधिक आणि जबाबदारीही अधिक. हैदराबादच्या मौला अली टेकडीच्या पायथ्याशी महलकाची कबर आहे, तिचे शेर आजही वाचता येतात. भागमतीची कथा लिहिणाऱ्याने आधी ते वाचावेत.