सू काउंटी, आयोवा : महासाथकालीन शेती-साहाय्य (२०२०–२२)

कोविड-१९ महासाथीत अमेरिकेच्या केंद्र शासनाने शेतकऱ्यांना थेट दिलेली मदत, आयोवा राज्याच्या वायव्य कोपऱ्यातील सू काउंटीच्या संदर्भात. काउंटीचे मुख्य ठिकाण ऑरेंज सिटी. पश्चिमेस बिग सू नदीपलीकडे साउथ डकोटा राज्य. मका, सोयाबीन, मांसाची गुरे, दूध आणि विशेषतः वराहपालन यांमुळे शेतमालाच्या विक्रीत ही काउंटी आयोवात आघाडीवर आहे.

पार्श्वभूमी : एप्रिल २०२० मध्ये कामगारांत संसर्ग पसरल्याने शेजारच्या सू फॉल्स येथील स्मिथफील्ड कंपनीचा मांसप्रक्रिया कारखाना बंद पडला. देशातील ४ ते ५ टक्के वराहमांस या एका कारखान्यातून येई. इतर कारखानेही मंदावले. विक्रीयोग्य डुकरे शेडमध्येच अडकली, त्यांचे वजन वाढत गेले आणि मागून येणाऱ्या पिलांना जागा उरली नाही. काही वराहपालकांना निरोगी जनावरे मारून पुरावी लागली. अशा विल्हेवाटीसाठी आयोवा राज्याने प्रत्येक मंजूर जनावरामागे ४० डॉलर दिले.

पहिला टप्पा : कोरोना विषाणू अन्न साहाय्य कार्यक्रम (सीफॅप) १७ एप्रिल २०२० रोजी जाहीर झाला. थेट मदतीसाठी १,६०० कोटी डॉलरची तरतूद होती. अर्ज २६ मेपासून घेतले गेले. १५ जानेवारी ते १५ एप्रिल या काळात विकलेल्या १२० पौंडांखालील डुकरामागे २८ डॉलर व त्याहून जड डुकरामागे १८ डॉलर, तसेच १६ एप्रिल ते १४ मे यांदरम्यानच्या कमाल साठ्यावर दर डुकरामागे १७ डॉलर असा दर होता. प्रथम ८० टक्के रक्कम मिळाली, उरलेली नंतर. व्यक्तीमागे कमाल मर्यादा २,५०,००० डॉलर. तीन भागीदार प्रत्यक्ष शेतीत राबत असलेल्या कंपनीस ७,५०,००० डॉलरपर्यंत.

दुसरा टप्पा : सप्टेंबर २०२०. तरतूद कमाल १,४०० कोटी डॉलर. डुकरामागे २३ व मांसाच्या गुरामागे ५५ डॉलर. पैदाशीची जनावरे वगळलेली.

करारावरील वराहपालक : शेड, कर्ज आणि रोजची मेहनत पालकाची, पण डुकरे कंपनीच्या मालकीची, ही पद्धत आयोवात सर्वत्र आढळते. मदत जनावराच्या मालकीवर व बाजारभावाच्या जोखमीवर ठरत असल्याने, शेड रिकामी राहून उत्पन्न बुडालेले हे पालक दोन्ही टप्प्यांत बाहेर राहिले. या योजनेचे मूल्यमापन करताना ही उणीव सर्वांत महत्त्वाची मानावी लागते. डिसेंबर २०२० च्या कायद्याने त्यांना पात्र ठरवले. ऑगस्ट २०२१ मध्ये नियम निघाले आणि उत्पन्नातील घटीच्या ८० टक्क्यांपर्यंत भरपाईची वाट खुली झाली.

पूरक योजना : मारलेल्या जनावरांसाठी जुलै २०२१ पासून बाजारमूल्याच्या ८० टक्के भरपाई, आधीची मदत वजा करून. खुल्या सौद्यात डुकरे विकलेल्यांसाठी डिसेंबर २०२१ मध्ये स्वतंत्र योजना, डुकरामागे ५४ डॉलर.

मका व सोयाबीन : दुसऱ्या टप्प्यात एकरी किमान १५ डॉलर, २०२१ मध्ये एकरी आणखी २० डॉलर.

दूध : पहिल्या टप्प्यात २०२० च्या पहिल्या तिमाहीतील उत्पादनावर.

कारभार : अर्ज शेती सेवा संस्थेच्या काउंटी कार्यालयांमार्फत होत. तेथे शेतकऱ्यांनीच निवडलेली शेतकऱ्यांची समिती असते. साथीमुळे बरेचसे काम दूरध्वनी व ईमेलवर चालले. अर्जदाराचे स्वतःचे प्रतिज्ञापन ग्राह्य धरून रक्कम दिली जाई; पडताळणी नंतर, निवडक प्रकरणांत. त्यामुळे पैसा लवकर पोचला. तथापि २०२२ मध्ये केंद्रीय लेखापरीक्षण यंत्रणेने अधिक काटेकोर तपासणी सुचवली. साहाय्य साठ्याच्या प्रमाणात असल्याने मोठ्या उत्पादकांकडे अधिक गेले, अशी टीका झाली. नुकसानही त्याच प्रमाणात होते, असे समर्थक मानतात.

मजूर : सीफॅपमध्ये तरतूद नव्हती. शेतमजूर व मांसप्रक्रिया कामगारांसाठी प्रत्येकी ६०० डॉलरची योजना सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर झाली.